नीलव्वाचं दूध

— रिकामी झाली म्हून तर निरोप धाडला, कंपौंडरसाहेब, दुसरी बाटली द्या. लढाईच्या दिसात औषध मिळंना, ठावं हाय मला — पन एक थेंब वाया घालवला न्हाय! बसा की घोंगड्यावर. आवं, आमी लिंगायत, घरात अंडं शिवत न्हाय कुनी, आन हे तर माशाचं तेल! पन दिवा लागला की नात भिंत चाचपत चालायला लागली, आईयेगळी पोर — तवा काय सोवळं धरून बसू? बाटली ठिवली गोठ्यात. सकाळी उपाशीपोटी चमचा द्यायचा, चूळ भरायची, आंघूळ, मग गळ्यातल्या लिंगाची पूजा, मगच तुकडा. मळमळायचं तिला, तरी गिळायची. लई शानी.

दूध? छ्या! कसं देईन? आमाला काय कळतंय मासळीतलं — म्हून तेरणाकाठच्या भोयाच्या धुरपताबाईला इच्यारलं. ती म्हनली, मासा आन दूध एका पोटात गेलं की अंगावर कोड उठतं. पोरीची जात, कोड उठलं तर कोन पदरात घेनार? तवापासनं दूध बंद, तूप बंद, ताक सुदिक न्हाय. दारात दुभती गाय, साहेब! रडायची — "अज्जी, भाकरीवर बोटभर तूप लाव की गं." म्या म्हनायची, आदी डोळं नीट व्हऊ दे, मग वाटीनं पी.

असं का बघताय?

जेवनाबरुबर द्यायचं व्हतं? तुपाच्या घासाबरुबर? — त्याबिगर अंगीच लागत न्हाय? आन दूध-तूप बी डोळ्याचंच औषध… माज्या गोठ्यातलं? कुनाला सांगितलं व्हतं? बाटली आनली त्या माज्या लेकाला? त्यो नुस्तं "चमचाभर दे" म्हनला, आन गेला रानात. न्हाय, त्याला बोल न्हाय लावत. पोरगी तूप मागत व्हती, साहेब. तिला कळत व्हतं.

आता देते. आत्ता तूप कढवते. उजवा डोळा वाचंल ना? — मान हालवली, म्हंजी व्हय. देवा महादेवा. आन डावा? सारा पांढरा पडलाय, पन त्यो बी येईल की? जरा उशिरानं…

बोला की.

— काय गं, नीलव्वा? उठलीस? कुनी रडत न्हाय, बाळा. धूर झालाय चुलीचा. साहेब निघालेत येडशीला, दवाखान्यात. जावा तुमी.