दोनच वर्षांचा तर कोर्स

...आणि पियानो! आता पोरं सांभाळायला पियानो कशाला लागतो हो? तुम्हीच सांगा. आमच्या गावच्या अंगणवाडीत तीस पोरं होती, त्यांना गप्प करायला एक डाव आणि एक पातेलं पुरायचं, खिचडी शिजली की डाव वाजवायचा, पोरं आपोआप रांगेत! पण इथं टोकियोत बालवाडीची बाई व्हायचं तर पियानो यायला पाहिजे म्हणे, दोन्ही हातांनी, वर गाणंही म्हणायचं, आणि गाताना मान वळवून पोरांकडं बघून हसायचं. मी म्हटलं, सुटले! मला पियानो येत नाही, विषय संपला. तर तिसऱ्या दिवशी आमचे हे पियानो घेऊन दारात हजर. विजेवर चालणारा, फळीसारखा, ऑफिसातल्या कुणी देऊन टाकलेला, ट्रेनमधून काखोटीला मारून आणलेला. "अगं सिंधू, शिकशील की! दोनच वर्षांचा तर कोर्स आहे!"

थांबा, मधूनच सुरू केलं मी. मुळापासून सांगते. पण आधी एक... तुमच्यात साताऱ्याचं कुणी नाही ना? कोरेगावकडचं? नक्की? बरं.

तर आम्ही ओजिमाला राहतो, अकराव्या मजल्यावर. आमचे हे, म्हणजे प्रताप, मालाच्या बोटींच्या कंपनीत आहेत. कुठली बोट कुठल्या बंदराला कधी लागणार, ह्याचं वेळापत्रक करतात दिवसभर, आणि घरी येऊन आमचं करतात. मी सकाळी सायकल हाणत एदोगावाला जाते, तिथं एका बालवाडीत चार तास मदतनीस आहे. सगळी आपल्याच लोकांची पोरं. त्यातला तो मयूरेश तर माझ्या कडेवरून उतरतच नाही, त्याची आई न्यायला आली की तिच्याकडं असं बघतो, जशी काय तीच परकी! आता हे जमतं मला. खरं सांगायचं तर आयुष्यात एवढं एकच जमतं.

आणि हेच आमच्या खालच्या मजल्यावरच्या अवंतिकानं ह्यांना लिफ्टमध्ये सांगितलं. ती शिकलेली बाई, लिफ्टमध्ये गप्प उभं राहायला हिला काय होतं? पण नाही. "भाऊजी, सिंधूला पोरांचं इतकं छान जमतं, बालशिक्षणाची दोन वर्षांची पदवी करायला लावा ना. आणि ती झाली की विद्यापीठात डायरेक्ट तिसऱ्या वर्षाला घेतात!" डायरेक्ट! हा शब्द ऐकला आणि आमच्या माणसाचे डोळेच चमकले. त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर तक्ता. हिरवी पट्टी दोन वर्षं, पुढं निळी पट्टी दोन वर्षं, शेवटी माझं नाव आणि त्याच्यापुढं चांदणी. "बघ, दोनच वर्षांचा तर कोर्स आहे, पुढचं पुढं!"

आता तुम्ही म्हणाल, मग रडतेस कशाला? नशीबवान आहेस! आहे हो. पण मी... हळू सांगते... मी सातवी आहे.

सातवी पास हं! नापास नाही. गावची शाळाच सातवीपर्यंत. आठवीला नदीपलीकडं पाच किलोमीटर जायचं, आणि घरात आई अंथरुणाला, धाकटी भावंडं दोन. मग कोण जातंय नदीपलीकडं? चुलतीच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले, त्याला सातवी पुरायची. पुरायची म्हणजे, पुरलीच असती जन्मभर! पण लग्नाच्या बायोडेटात आमच्या जयप्रकाश मामानं लिहिलं, शिक्षण बारावी. मी म्हटलं, "मामा, अहो हे काय?" तर मामा, "पोरी, बायोडेटाला कुणी मार्कशीट जोडतं का? मुलगा परदेशात जाणार आहे, तिथं कोण विचारणार?"

कोण विचारणार! अहो मामा, अख्खा जपान विचारतोय!

आठ वर्षं झाली लग्नाला. आठ वर्षांत ते वाक्य शंभरदा जिभेवर आलं आणि पाणी पिऊन परत ढकललं. आणि आता हा तक्ता. चांदणीवाला.

पण मला एक आशा होती. म्हटलं, हा जपान आहे. इथं चुकीच्या दिवशी चुकीच्या कचऱ्याची पिशवी ठेवली, तर चिठ्ठी चिकटवून तिथंच ठेवतात, 'हा कचरा चालणार नाही.' मग माझ्यावरसुद्धा कुणीतरी चिकटवेलच की चिठ्ठी! बाई चालणार नाही. आणि मी सुटेन, सगळ्यांच्या देखत, माझी काही चूक नसताना. पण छे! नेमकं माझ्या वेळेला ह्या देशाला प्रेमाचा उमाळा आला. मी म्हटलं, भाषा येत नाही. तर वॉर्ड ऑफिसानं एक सत्तरीच्या आजी दिल्या, दर मंगळवारी, फुकट. म्हटलं, लहान मुलगी आहे. तर कॉलेज म्हणतं, शाळा सुटली की आणून सोडा, आमच्या विद्यार्थिनींना सरावाला मुलं लागतातच! म्हटलं, वय झालं. तर म्हणे, आमच्या वर्गात बावन्न वर्षांच्या एक बाई आहेत, फार हौशी! काहीही सांगा, ह्यांचं एकच, "दाइजोबू!" काळजी नको! अहो, काळजीनंच तर मी उभी आहे, ती काढून घेतलीत तर पडेन ना!

आणि मग ह्यांनी विचारलं, "सिंधू, बारावीची मार्कशीट कुठाय गं?"

मी म्हटलं, "पुरात गेली."

"तुमच्या गावाला पूर कधी आला?"

"म्हणजे... वाळवी लागली."

"बरं. बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते. बैठक क्रमांक सांग."

बैठक क्रमांक! जी बाई बारावीच्या बाकावर बसलीच नाही, तिचा क्रमांक! मी म्हटलं, आठवत नाही. तर ह्यांनी साताऱ्याला फोन लावला, आणि आमच्या सासूबाई... तुम्हाला सांगते, त्यांचा आवाज असा की फोन मधे नसता तरी इथपर्यंत आला असता. "प्रताप, तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस? बायोडेटात लिहिलंय त्या कॉलेजात आपल्या शेजारच्या स्वप्नाचा दीर क्लार्क आहे. सोमवारी मी स्वतः जाते, रजिस्टरच काढायला लावते!"

सोमवारी! आणि हा शुक्रवार. आणि रविवारी इचिकावाला कॉलेज बघायला बोलावलेलं. म्हणजे मला नापसंत व्हायला उरला एकच दिवस.

गेलो. तिथं काय व्यवस्था! आमच्या ह्यांच्या गळ्यात 'पालक' अशी पाटी अडकवली आणि पालकांच्या सभेत नेलं, अठरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या आयांमध्ये हा एकटा मिशीवाला, वही काढून बसलेला. आणि मला सरावाची बालवाडी दाखवली. अहो... गुडघ्याएवढी बेसिनं. छोटे छोटे बूट ठेवायला कप्पे, प्रत्येकावर एक चित्र, कुणाचं बेडूक, कुणाचं गाजर. मी त्या बेसिनापाशी खाली बसले आणि उगाचच नळ सोडला. दोन मिनिटं, दोनच मिनिटं हं, मला वाटलं की मामाचं खोटं खरं असतं तर...

असो. मग निशिमुरा-सान नावाच्या बाईंसमोर बसवलं, आणि दुभाषा कोण? आमची चारुता! वय वर्षं सात. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "चारू, बाईंना सांग, मम्मी सातवीपर्यंतच शिकलीय." ती माझ्याकडं बघतच राहिली. "मम्मी, मग आठवी कुठं गेली?"

"नदीपलीकडं राहिली गं. तू सांग."

तिनं सांगितलं. मी डोळे मिटले. म्हटलं, चिकटवा चिठ्ठी.

निशिमुरा-सान उठल्या, कमरेतून वाकून मला नमस्कार केला, परत बसल्या आणि खणातून पट्टी काढली. पट्टी! कोरा कागद घेतला आणि रेघ मारली. चारुता भाषांतर करतेय. इथं नववीपर्यंत शिकणं सक्तीचं, ज्याचं राहिलं त्याच्यासाठी संध्याकाळची सरकारी शाळा असते, ह्या मोठ्या मोठ्या माणसांची. तर आधी आठवी-नववी, दोन वर्षं. मग हायस्कूल, तीन. मग हा कोर्स, दोन. मग विद्यापीठात थेट तिसरं वर्ष, तिथं दोन. म्हणजे नऊ वर्षांत सगळं! मी अडतिसाची, चारुता सोळाची. "दाइजोबू!"

आणि तो कागद पाकिटात घातला, आणि दोन्ही हातांनी नेऊन दिला... पालकांना.

घरापर्यंत सहा स्टेशनं. पहिल्या स्टेशनाला ह्यांनी कागद काढला. दुसऱ्याला उलटा करून मागं बघितलं. तिसऱ्याला घडी घातली. चौथ्याला, फुनाबोरीला, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वाळवी लागली होती ना मार्कशीटला?"

मी म्हटलं, "हो."

"बिचारी वाळवी. उपाशीच मेली असेल."

बस, एवढंच! ना ओरडले, ना चिडले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उत्तरं पाठ होती! मग एकदम म्हणाले, "आपलं इथलं राहणं अजून दोन वर्षं. त्यात तुझी नववी होते. पुढचं नाही होत, सिंधू." मी म्हटलं, माहितेय. चांदणी गेली, निळी पट्टी गेली, राहिली फक्त हिरवी.

ओजिमाला उतरलो आणि फलाटावरच ह्यांनी साताऱ्याला फोन लावला, सोमवार अडवायला. "आई, कॉलेजात जाऊ नकोस. मार्कशीट नको. ॲडमिशन झाली तिची."

"अगंबाई! कितव्या वर्षाला?"

आता इथली आठवी म्हणजे वरच्या शाळेचं दुसरं वर्ष. हे माझ्याकडं बघत होते. आठ वर्षांत एकदाही खोटं न बोललेला माणूस. म्हणाले, "दुसऱ्या."

"डायरेक्ट? आणि किती दिवसांचं आहे?"

"दोनच वर्षांचा तर कोर्स आहे, आई."

म्हणजे बघा, मामाचं खोटं फक्त बारावीपर्यंतच होतं, ह्यांनी एका फोनमध्ये पदवीला नेलं!

तर आता सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेपाचला मी दप्तर घेऊन निघते. शेजारच्या बाकावर सत्तरीचे एक आजोबा, माझं गणित बघून लिहितात, त्यांना कोण सांगणार की माझंच चुकलंय. पियानो भिंतीला टेकवलाय, त्याच्यावर टॉवेल वाळतात. आणि सासूबाईंनी अख्ख्या आळीत पेढे वाटून परवा एक फोटो पाठवला. घरचा हॉल, सासऱ्यांच्या फोटोशेजारी मोकळी भिंत, आणि भिंतीत नवा कोरा खिळा. खाली लिहिलंय, 'सूनबाईच्या पदवीसाठी.'

खिळा चांगला चार इंची आहे हो.

आता तुमच्यापैकी कुणी सांगाल का... नववीचं प्रगतिपुस्तक केवढ्या फ्रेममध्ये बसतं?