हिरव्या बांगड्यांचा व्हिडिओ

माझं माहेर पडघ्याचं, सासर हे भिवंडीजवळचं कोन गाव. नवरी होऊन आले तेव्हा घराम्होरं भाताची शेती व्हती, आता नुसती गोडाऊनं. आमचे हे तिथंच कामाला, दुसऱ्यांची पार्सलं भरायची, टेप मारायची. एक दिवस ड्युटीवरनं आले आणि म्हणले, लोक झाडूसुद्धा फोनवरनं मागवतात, तुझ्या मसाल्यानं काय घोडं मारलंय? मी म्हणलं, तुमचं आपलं कायतरीच. पण ऐकतील तर ना, लई जिद्दी माणूस.

सासूला मी आई म्हणते. आईंनी एकच अट घातली, सुनेचं तोंड फोनमधी दिसायचं न्हाय. मग हे व्हिडिओत नुसते माझे हात काढायचे. परातीत मसाला कालवणारे हात, हातभर हिरव्या बांगड्या, त्या वाजायच्या, आणि मागनं ह्यांचा आवाज, हात जरा उजेडात घे गं. ते बोलणंपण व्हिडिओत जायचं, मी चिडायची, तर म्हणायचे राहू दे, लोकांना आवडतं. आणि खरंच आवडलं हो! पार नागपूरपासनं मागणी यायला लागली.

मग ह्यांना कावीळ झाली. काय सांगू तुम्हाला, झाडपाला झाला, दवाखाना झाला, माणूस हाती लागला न्हाय. आईंनीच माझ्या बांगड्या फोडल्या, रीतच हाय ती, मी हात पुढं केले.

पोरींची शाळा थोडीच थांबते? बसले परत मसाला कालवायला. नणंदेनं व्हिडिओ काढला, भुंडे हात, कोणी बघंना. कल्याणची एक मॅडम जाहिरातीचं बघते, तिला गाठलं. तिनं पाकिटाचे फोटो टाकले, सूट ठेवली, गाणी लावली, कशाचा काय उपयोग झाला न्हाय. म्हणली, ताई, जुना व्हिडिओच परत लावू का? मी म्हणलं न्हाय बाई, त्यात ह्यांचा आवाज हाय, मला ऐकवत न्हाय. तेव्हा चाचरत म्हणली, लोक बांगड्या वाजल्या की थांबतात, ताई, व्हिडिओपुरत्या घालाल का? मी फोनच ठेवला. तिच्यावर तरी काय रागवायचं, तिचं कामच ते.

आईंना सांगायला माझी जीभ उचलंना. शेवटी सांगितलं, तर त्यांनी पदर नीट घेतला, म्हणल्या, चल भिवंडीला. ज्या हातानं बांगड्या फोडल्या त्याच हातानं मला धरून बांगडीवाल्या चाचीकडं नेलं बघा. चाची माझा हात दाबून दाबून बांगड्या चढवत व्हती. शेवटची चढली तशी, तिला बिचारीला काय ठावं, म्हणली, सदा सुहागन रहो बेटी. आईंनी दुकानाचा खांब धरला. मी रीतीप्रमाणं चाचीच्या पाया पडले, दुसरं काय करणार?

व्हिडिओ झाला. बांगड्या वाजल्या. हात उजेडात घे म्हणणारं कोणी नव्हतं, माझा मीच घेतला. ऑर्डरी आल्या, अजून येतात, घर चाललंय, देवाला नावं ठेवणार न्हाय. पण तेव्हा बांगड्या फुटल्या त्या एकदाच फुटल्या. आता दर व्हिडिओ झाला की साबण लावून माझ्या हातानं एकेक काढते, आणि तेवढा वेळ आई परसात जाऊन बसतात. रडू येतं हो, दर वेळी येतं, सवय काय व्हत न्हाय.

तुम्ही मघापासनं लिहिताय ना, तुमच्या बांगड्या वाजतायत. वाजू देत बाई, जन्मभर वाजू देत.