शेवटच्या चौकीचा दुसरा भाग

— नाही, नाही, काढू नका, राहू द्या कानातच. टोचतंय की आवाज मोठा वाटतोय? मोठा. मग ठीक आहे, ते मी इथून कमी करते. तुम्ही नुसतं बोट वर करायचं, काका, बोलायचं नाही, कारण तुम्ही बोललात की मशीन तुमचाच आवाज मोजत बसतं. बोलायचं काम माझं. साध्या बोलण्याच्या आवाजावर बसवावं लागतं ना ते, म्हणून मला थोडा वेळ सलग बोलावं लागतं — आणि एरवी मी काय ऐकवते माहितीये? वर्तमानपत्र. एकदा तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलंय, सुट्ट्यांसकट. पण आज नको, आज सिनेमा सांगते. मघाशी तुमच्या सूनबाईंनी विचारलं ना, मॅडम आज एवढ्या खुशीत कशा — तर ते सिनेमामुळे. म्हणजे, बरंचसं सिनेमामुळे.

'शेवटची चौकी, भाग दोन'. शेवटचीला दुसरा भाग कसा, हे सगळ्यांनी विचारून झालंय, तुम्ही नका विचारू. पहिला भाग बघितलाय? नाही ना — काही बिघडत नाही, सांगते. आकाशाच्या पार टोकाला एक चौकी आहे, जहाजांना दिवा दाखवायची, आणि तिथे एक बाई एकटी राहते, चौकीदारीण. सोबतीला एक चौकोनी यंत्र, ठोकळा म्हणते ती त्याला, आणि तो अख्ख्या सिनेमात एकच शब्द बोलतो — 'बरं'. बाईनं आपली चार वर्षांची मुलगी एका जहाजातून घरी धाडलेली असते, आणि नंतर जहाजं येणंच बंद होतं. बाई रोज दिवा पुसते, रोज लावते. एवढाच सिनेमा. आणि अगदी शेवटी, ती दिवा पुसत असताना, दारावर टकटक होते — बाहेरून, काका, जिथे हवा नाही, माणूस नाही, चिटपाखरू नाही, तिथून — आणि पडदा काळा. दिवे लागले, लोक उठून गेले, आणि मी आणि माझी धाकटी बहीण तशाच बसून. झाडूवाल्यानं उठवलं आम्हाला.

त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं आम्ही दोघी भांडतोय, दाराबाहेर कोण. मी म्हणायचे मुलगी. धाकटी म्हणायची, अगं ताई, चार वर्षांच्या पोरीचा हात तरी पोचेल का त्या दारापर्यंत, तो ठोकळाच बाहेर अडकलाय, तुला दिसत कसं नाही. तिचं लग्न झालं, ती विमानानं जावं लागतं इतकी लांब गेली, तरी फोनवर हेच. आणि आमचं ठरलेलं होतं — दुसरा भाग आला की कुठेही असलो तरी एकत्र बघायचा. 'कुठेही असलो तरी' हे तिचे शब्द, माझे नाहीत. तर आला दुसरा भाग, आणि मी इथे रजा टाकायच्या तयारीत, तेवढ्यात तिचा फोन — 'ताई, बघून आले गं काल. ठीक आहे.' ठीक आहे म्हणे. चव घेऊन बघितल्यासारखं. मी म्हटलं, बरं, आणि फोन ठेवला, आणि रडले की काय केलं ते सोडा, पण तिरीमिरीत त्याच दुपारी एकटीच थिएटरात जाऊन बसले.

उजवा? हं, उजव्याची धार कमी करते. आता?

आता दुसऱ्या भागाचं तुम्हाला खरं सांगायचं तर आधी वाईट सांगायला हवं, म्हणजे पुढचं चांगलं खरं वाटेल. ठोकळा बोलतो. हो, बोलतो — विनोद करतो, काका, विनोद. ज्यानं एका 'बरं'वर आम्हाला रडवलं तो आता पावणे तीन तास बडबडतोय, लग्नात एखादा लांबचा मामा माईक सोडत नाही ना, तसा. मग एक खलनायक घातलाय, काळा कोट, त्याला चौकी विकत हवी — कशाला हवी ते शेवटपर्यंत त्यालाही कळत नाही. पहिल्या भागात दार आत उघडायचं, यात बाहेर उघडतं, नऊ वर्षांत कुणी बिजागऱ्या बदलल्या देव जाणे. आणि संगीत. ते मात्र मी माझ्या धंद्यातून सांगते — आई पोरीच्या कानाशी काहीतरी पुटपुटतेय आणि यांनी त्यावर अख्खा बँड सोडलाय. मी तिथे बसल्या बसल्या हवेतच बटण शोधत होते, हे इथे आहे ना, तसलं, कमी करायला.

पण चांगलं ऐका. दारात कोण असते? मुलगी. मी बरोबर होते, नऊ वर्षं मी बरोबर होते — पण कशी मुलगी, तर ऐंशी वर्षांची म्हातारी. कारण चौकीवर वेळ हळू जातो आणि घरी भराभर, ते एक प्राध्यापक चेंडू घेऊन समजावतो, तेवढं सोडा, तेही कंटाळवाणंच आहे. पण दार उघडतं, आणि तिशीतली आई, आणि समोर पांढऱ्या केसांची लेक. आई तिला ओळखत नाही. विचारते, कोण आपण. आणि म्हातारी चार वर्षांच्या पोरीसारखी हात वर करते — उचलून घे म्हणून. काका, माझ्या अंगावर आत्ताही काटा आलाय, हा बघा.

आणि मग ती शांतता. त्या दोघी दिवा दुरुस्त करायला बाहेर जातात, आणि त्यांचा रेडिओ बंद पडतो. त्या क्षणापासून सिनेमात आवाजच नाही. संगीत नाही, श्वास नाही, काही नाही. सगळं थिएटर गप्प — तीनशे माणसं, पॉपकॉर्न तोंडात धरून, चावायचं कुणाला धाडस नाही. म्हातारी थकलीये, आईला काहीतरी सांगायचंय, आवाज जात नाही. मग आई काय करते, तर आपलं शिरस्त्राण तिच्या शिरस्त्राणाला टेकवते, कपाळाला कपाळ टेकवावं तसं — काचेतून आवाज जातो ना, खरंच जातो, ते शास्त्राप्रमाणे बरोबर आहे — आणि आईचे ओठ हलायला लागतात, आता आपल्याला ऐकू येणार, आणि त्याच क्षणी माझ्या शेजारच्या गृहस्थांचं पोट वाजलं.

नाही, वाजलं म्हणजे — पोटात कावळे ओरडतात म्हणतात, तसलं नाही. जुनं लोखंडी फाटक कुणीतरी सावकाश उघडतंय, असं. वर गेलं, वळलं, खाली आलं, थांबलं, आणि सगळ्यांना वाटलं संपलं, तर पुन्हा सुरू. तीनशे माणसांनी ऐकलं. आणि ते गृहस्थ अंधारात माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणतात, 'माफ करा, मी सकाळपासून पाण्यात होतो.' पाण्यात. मला हसू फुटलं ते थांबेचना, मी पदर तोंडात कोंबला, तर खुर्ची हलायला लागली, पुढच्या रांगेतल्या बाईनं मागे वळून बघितलं, तर तीही हसतेय. आणि त्या गोंधळात आई लेकीला काय म्हणाली ते गेलं. नऊ वर्षं थांबले, काका, आणि नेमका तोच शब्द गेला.

डावा? बरं. आता गोड वाटतोय का? हं.

जिन्यात ते गृहस्थ थांबलेच होते. केस अजून ओलसर, अंगाला क्लोरीनचा वास. पोहायला शिकवतात ते, समोरच्या तलावात, मुलांना. मी म्हटलं, तुमच्यामुळे माझा शब्द हुकला. ते म्हणाले, माझाही. मग म्हणाले, उद्या पुन्हा बघू या, तिकीट माझं, दंड समजा. आणि बोलता बोलता कळलं, त्यांनी पहिला भाग बघितलेलाच नाही. नुसते थंडाव्याला येऊन बसले होते. मी हबकले. पहिला न बघता दुसरा — म्हणजे पाटी न वाचता कुणाच्याही घरात शिरायचं आणि जेवायला बसायचं. मी त्यांना जिन्यातच चांगलं सुनावलं. तो नुसता हसत — ते नुसते हसत होते.

दुसऱ्या दिवशी गेलो. ती शांतता यायच्या आधीच मला हसू यायला लागलं, मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, त्यानंही ठरवलं असणार, कारण आम्ही दोघं एकदमच फुटलो. थिएटरचा बॅटरीवाला येऊन उभा राहिला. शब्द पुन्हा गेला. मग तिसऱ्यांदा — तेव्हा हा बाहेरच्या बाकावर बसून दोन सँडविच खाऊन, वर केळं खाऊन, परीक्षेला निघाल्यासारखा आत आला. आणि ऐकलं आम्ही. सांगू काय म्हणते ती? सगळी ती आकाशगंगा, सगळा तो काळाचा घोळ, ऐंशी वर्षांची लेक समोर — आणि आई तिला विचारते, 'जेवलीस का?'

बस. एवढंच. आम्ही हसलो नाही. एकमेकांकडे बघितलंही नाही.

आणि लोकांना हे आवडलेलं नाही, माहितीये? सगळीकडे हेच लिहितायत — एवढा मोठा सिनेमा आणि शेवटी हे. मग मला धाकटीशी भांडायला कारण मिळालं. रुसवा गेला खड्ड्यात, लावला फोन, म्हटलं ठीक आहे म्हणतेस, कान कुठे होते तुझे, लेक चार वर्षांची असल्यापासून त्या बाईला तेवढंच विचारायचं होतं, आम्ही तीनदा बघितला तेव्हा कुठे — आणि तिनं मला मधेच तोडलं. मग म्हणते, 'ताई, आम्ही म्हणजे कोण?'

झालं. बोलून बसले होते. तिनं सगळं काढून घेतलं माझ्याकडून, क्लोरीनसकट. आणि हसून हसून झाल्यावर म्हणाली, 'मला नाही आवडला गं तो सिनेमा. इकडचे सगळे निघाले म्हणून मीही गेले, आणि सारखं वाटत होतं की शेजारी कुणीतरी चुकीचं बसलंय.' मग काय भांडणार तिच्याशी.

रविवारी मी त्याला घरी पहिला भाग दाखवला. दाखवायलाच हवा होता, तेवढी तरी रीत आहे की नाही. मी आपली त्याच्या तोंडाकडे बघत बसले, कुठे हसतो, कुठे रडतो. आणि काका, हा भलतीकडेच रडतो. जिथे आम्ही सगळे रडलो तिथे ढिम्म, आणि जिथे बाई नुसता दिवा पुसतेय, काहीच घडत नाहीये, तिथे याचे डोळे भरलेले. कारण याला माहीत आहे ना — याला ठाऊक आहे की लेक येणार आहे. मला नऊ वर्षं माहीत नव्हतं. मला पहिला भाग उदास वाटायचा, आणि हा बसलाय तो उशी मांडीवर घेऊन, कुणी गावाहून यायचं असल्यासारखा. टकटक झाली तेव्हा टीव्हीला म्हणाला, 'अहो, उघडा ना.' अगदी हळू. मग पडदा काळा झाला, आणि मी टीव्ही बंद करायला उठले, तर मागून विचारतो — तिसरा भाग यायला किती वर्षं लागतील? मी म्हटलं, सात, आठ. म्हणाला, 'तेव्हाही शेजारची खुर्ची मलाच मिळेल का? आणि मधल्या वर्षांत?'

आता यावर माणसानं काय म्हणावं. मी काय म्हणाले सांगू — मी म्हणाले, तिसरे भाग बहुतेक वाईटच निघतात. रिमोट हातात, चाळीस उलटलेली बाई, आणि हे बोलते. तो म्हणाला, 'निघू दे.' आणि चपला घालून गेला, क्लासला उशीर होत होता.

माझं एकदा लग्न झालेलं आहे, काका. फार वर्षं झाली. दोन वर्षं टिकलं. मारहाण नाही, काही नाही — दोघांचेही कान उत्तम होते, पण ऐकत कुणी कुणाचं नव्हतं. त्यानंतर मी कुणी विचारलं की सांगायचे, पहिला भागच असा होता की दुसऱ्याचं नावही नको. लोक हसायचे, विषय संपायचा. सोयीचं होतं ते. आणि आता हा म्हणतो निघू दे. आज सहा वाजता येतोय, इथेच, खाली. त्या दिवसानंतर त्यानं एका शब्दानं विचारलेलं नाही, आणि मी सकाळपासून — हे मी कशाला सांगतेय तुम्हाला, मशीन बसवायचं राहिलं बाजूला.

बरं, झालंय तसं सगळं. आता शेवटचं. मी तुमच्या पाठीमागे उभी राहते, तोंड दिसणार नाही, आणि अगदी हळू बोलेन, कुजबुजून. तुम्ही जे ऐकलं तेच परत म्हणायचं. आता बोलायची परवानगी आहे. तयार?

खिडकी.

बरोबर. सायकल.

छान. लिंबू.

वा. आता जरा लांब वाक्य, आणखी हळू — मी आज त्याला हो म्हणणार आहे.

काका — अहो, इतक्या मोठ्यांदा नाही. दार उघडं आहे. बाहेर सगळे — बघा, रिसेप्शनवरच्या मुलीचं टायपिंग थांबलं. सूनबाई उठून उभ्या राहिल्यात. नाही, नाही, परत म्हणू नका, बरोबरच ऐकलंत, अगदी शब्द न् शब्द बरोबर. पुढच्या महिन्यात दाखवायला या. आणि बाहेर जाताना जरा गंभीर चेहरा करून जा बघू.