तिळाची भाकर कुणी खाल्ली?

मंडळी, एवढी दाटी करून बसलात, तर आधी एक सांगा. कौसाबाई कोणत्या बाकावर बसायची? बघा, माना खाली गेल्या! वीस वर्षं एका चर्चमध्ये बसलो आणि आठवेना. शेवटच्या बाकावर, दाराशी, चपलांच्या जवळ. काल तिला मातीत ठेवलं, तेव्हा कुठं आपण मागं वळून बघितलं.

नातीनं भाषण लिहून दिलंय. आजीला अक्षर येत नाही, हे ती विसरली. म्हणून जिभेवर येईल ते ऐका. 

पोलीस अ‍ॅक्शननंतर आपली माणसं पाचोडकडून या शहरात आली. कुणी महारवाड्यातून, कुणी मांगवाड्यातून. बाप्तिस्मा एकाच पाण्यात झाला, बाक मात्र दोन राहिले. आम्ही महारवाड्यातले पुढं, कौसाची मांगवाड्यातली माणसं मागं. प्रभुभोजनाची भाकर माझ्याच घरून यायची. कुणी ठरवलं? कुणीच नाय. चाललं होतं.

मग पाळकसाहेबांनी शुक्रवारची प्रार्थना सुरू केली. एकमेकांना कमी लेखलं, त्याची कबुली द्यायची. लई रडलो आपण! शेवटी साहेब म्हणाले, "या रविवारची भाकर कौसाबाई करील. आजी, तुम्ही ती मेजावर ठेवा."

मी म्हटलं, "व्हय साहेब."

रविवारी ती भाकर आपण मोडली. बाहेर पडताना जो तो कौसाचे हात धरत होता. "बाई, तुझ्या हातची भाकर खाल्ली. आज भिंत पडली."

मंडळी, भिंत पडली नव्हती. ती भाकर कौसाची नव्हती. माझी होती.

मागच्या खोलीत तिनं फडक्यात बांधलेली भाकर माझ्या हाती दिली. मी दार लोटलं, ती पिशवीत घातली आणि पिशवीतली माझी मेजावर नेली. म्हणजे घरूनच ठरवून आले होते. शुक्रवारी सगळ्यांत मोठ्यानं रडलेली बाई मीच.

जोसेफभाऊ, पंच असलात तरी बसा खाली. माझं झालं नाही.

कौसानं मला दाराशी गाठलं. हळूच म्हणाली, "आक्का, माझ्या भाकरीला तीळ होते. सणाची म्हणून लावले होते."

"गळले असतील."

ती हसली. "सगळेच का, आक्का?"

एवढंच. कुणाला बोलली नाही. तुमचे हात हातात घेत राहिली. का गप्प राहिली? तुमची तोंडं इतकी खूश होती, ती खुशी तिला मोडवेना, असं मला वाटतं. आणि मी? माफी उद्या मागू म्हणत राहिले. तिची भाकर खायची हिंमत नव्हती, टाकायचीही नव्हती. डब्यात बुरसली. काल माती टाकताना माझी मूठ उघडेना.

पंचांनी मला मंडळीतून काढायचं तर काढावं. पण जी भाकर खाल्ली म्हणून आपण मिरवतो, ती अजून कुणीच खाल्लेली नाय.

आता उभे राहा. थोडा वेळ गप्प. तिच्यासारखं गप्प.

...बसा.

रूथ, कौसाची लेक तू. घरात चूल पेटेपर्यंत कडू घास माझ्या घरून येईल, पिठलं-भाकरी. नाही खाल्लीस तरी मी रुसणार नाय. पण चूल पेटली, की रविवारची भाकर तू धाड, बाई. बाजरीची, तीळ लावून. आणि मेजावर तूच ठेव. माझ्या हाती देऊ नको.