हॉलमधली जागा

भेस्तानमधल्या फ्रेमच्या दुकानात सुलभा आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"अहो, तुमच्या बेसबॉलवाल्यांच्या सहीच्या फोटोंनी बेडरूम भरलीय. हा कुठे लावणार?"

"हॉलमध्ये. शेवटच्या फटक्यावर फायनल जिंकली, तो क्षण आहे हा."

"हॉलमध्ये फक्त आपली गेलेली माणसं."

दुकानदाराने फ्रेम पुढे केली.

"घ्या काका. जुना काळा-पांढरा फोटो, म्हणून चंदनाचा हारही घातलाय."

"अरे भाई, हा माणूस जिवंत आहे. गेल्याच महिन्यात सही करून पाठवलीय."

"सॉरी हां, काढतो."

"थांब, राहू दे," काका म्हणाले. "आता हॉलमध्ये चालेल."

"आणि हे बॅटवाले कोण, असं कुणी विचारलं तर?"

"तुझ्या माहेरचे म्हणून सांग."