दुसरी सही

आई : आधी सही की आधी चहा? दूध ठेवलंय मी गॅसवर.

सर : सही. यंदा आपल्या पक्षिमंडळाचं पुस्तक छापायला जातंय. तुमची सही झाली की तुमच्या ठकीची नोंद पक्की. या भागात कुक्कू पक्षी आजवर कुणीच नोंदवलेला नाही.

आई : द्या पेन.

सर : थांबा. नियम आहे, विचारावं लागतं. फोटो नसला तर बघणारे दोघं लागतात. तुम्ही स्वतः पाहिलात ना?

आई : पाहिला म्हणजे काय, याच खिडकीतून. तिच्या खुर्चीमागेच उभी होते.

सर : रंग?

आई : राखाडी. पोटावर पट्टे. तिच्या पक्ष्यांच्या पुस्तकात आहे अगदी तसा.

सर : पुस्तकात आहे तसा. हं. तिच्या वहीतलं वाचू?

आई : वाचा की.

सर : ‘मादी. राखाडी नाही, विटकरी. पाठभर काळे पट्टे, शेपटीच्या मुळाशी मात्र एकही नाही. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या मादीला तिथेही असतात. म्हणजे ही कुक्कूच.’ अशी विटकरी मादी मी उभ्या जन्मात दोनदा पाहिली.

आई : कार्टी. सगळं लिहून ठेवायची.

सर : आई, तुम्ही नाही पाहिलीत.

आई : नाही. तीन हाका मारल्या हो तिने. तिला खुर्चीतून उठवत नव्हतं तेव्हा. मी नुसतं ‘आले, आले’ करत राहिले. दूध तापत होतं तिचंच, उतू जाईल म्हणून हलले नाही. आले तेव्हा रिकामी फांदी हलत होती.

सर : रागावली?

आई : रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, जाऊ दे, पुढच्या वर्षी दाखवते. दोघींनाही ठाऊक होतं. त्यानंतर अकराव्या दिवशी ठकी गेली. सर, एवढी एक सही करू द्या. तिचं नाव लागेल कुठेतरी.

सर : करू दिली असती. पण माझीच एक नोंद तिने बाद केली होती. ‘सर, सोबत कोण होतं?’ म्हणाली, तोंडावर.

आई : घरी येऊन केवढी हसली होती त्या दिवशी.

सर : नोंद खोडणार नाही. पुढे प्रश्नचिन्ह राहील.

आई : माझ्यामुळे.

सर : झाडावर केसाळ सुरवंट आहेत अजून?

आई : ढिगाने. मी फवारणार होते, तर तिने बाटलीच लपवली. अजून सापडली नाही.

सर : तेच खायला थांबतात हे कुक्कू. दूरच्या प्रवासात, एक-दोन दिवस. गेल्या वर्षी तिने पाहिली तो हाच आठवडा होता.

आई : आता आली, तर तिची नोंद पक्की होईल?

सर : नाही. खोटं कशाला सांगू? ती तुमची नोंद होईल.

आई : दोघं लागतील ना पण?

सर : मी आहे की. हळू, आई. तिकडे काहीतरी हललं.

आई : दूध वर आलं वाटतं.

सर : जाऊन या, मी बघतो.

आई : जाऊ दे उतू. कुठली फांदी?