निम्म्या व्होल्टेजची ऊब

मी मूळची पिंपळवंडीची. आमच्या घरात लाईट गेली की सगळी दारात जाऊन शेजारची गेली का बघायची आणि मी आधी फ्यूज बघायची. आई म्हणायची, ही पोरगी कधीतरी लाईटीला चिकटंल. वडलांनी मात्र दहावीनंतर आयटीआयला घातली, इलेक्ट्रिशियनला, वर्गात आमी दोघीच पोरी. सर फळ्यावर लिहायचे, व्होल्ट भागिले अँपिअर म्हंजी रेझिस्टन्स, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हंजी पॉवर, एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं याच्या पोटात हाय. मला ते लई आवडायचं, काय सांगू तुमाला ताई, एरवी बाईमाणसानं कायबी करायचं तर दहा जणांना विचारायचं, आणि हितं दोन आकडे कळले की तिसरा आपला आपण काढायचा, कुणाला विचारायचं नाय.

पहिलं वर्ष पास झाले आणि महाळुंगे पडवळचं स्थळ आलं. वडील बैठकीतच म्हणले, पोरीचं एक वर्ष राहिलंय. मामा, म्हंजी माझे सासरे, म्हणले, करंल की पूर्ण, आमी काय अडवतोय व्हय. नारळ फुटला, उन्हाळ्यात लग्न झालं, दुसरं वर्ष पावसाळ्यात सुरू व्हायचं व्हतं.

सासरी कोंबड्यांची शेड, घरापासून लांब, खाली शेतात. एक दिवसाची पिल्लं यायची, कापसाएवढी, त्यांना पहिला आठवडा ऊब लागती, आई नसती ना त्यांना. म्हणून पत्र्याच्या छत्रीखाली हिटरच्या दोन कॉइल टांगलेल्या. पण संध्याकाळी गावात दिवे लागले की कॉइल नुसती लालसर दिसायची, पिल्लं थंडीनं एकमेकांवर चढायची आणि खालची गुदमरून मरायची. घमेल्यानं बाहेर काढायला लागायची. मामा म्हणले, व्होल्टेज निम्मं झालंय, ऊब बी निम्मी, तिसरी कॉइल लावा.

मी नवी सून, डोक्यावर पदर, पण मला राहवलं नाय. म्हणले, मामा, निम्मी नाय, पाव. सगळी माझ्याकडं बघायला लागली. पेटीत वडलांनी घेऊन दिलेलं मीटर व्हतं ते आणलं. घरापाशी दोनशे व्होल्ट, शेडात एकशेवीस, म्हंजी ऐंशी व्होल्ट मधल्या मधी वायर खात व्हती. अँपिअर मोजायची त्या मीटरला सोय नव्हती, म्हणून कॉइल सोडवून रेझिस्टन्स बघितला, दोन्हींचा मिळून तीस ओहम. एकशेवीस भागिले तीस, चार अँपिअर. एकशेवीस गुणिले चार, चारशेऐंशी वॅट, आणि पुऱ्या दोनशेतीस व्होल्टला त्याच कॉइल पावणेदोन हजार देत्यात. मग वायरचं काढलं, ऐंशी भागिले चार, वीस ओहम, अशी ती बारीक आणि लांबलचक. म्हणले, तिसरी कॉइल लावाल तर करंट वाढंल, वायर आणखी खाईल, पिल्लांना तेवढीच ऊब मिळंल. जाड वायर टाका.

मामांनी ऐकलं हां, खोटं का बोलू. दुसऱ्या दिवशी मंचरवरनं जाड वायर आणली, यांनी आणि मी ओढली. ऊब दुप्पट झाली. त्या संध्याकाळी पिल्लं सांडलेल्या ज्वारीसारखी शेडभर पसरली आणि मामा तिथंच उकिडवे बसून बघत राहिले. गावभर सांगितलं, माझी सून इंजिनियर हाय. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पंधरा दिवसांनी म्हणले, मामा, आयटीआय सुरू व्हतंय, जाऊ ना? मामा हसले, म्हणले, अगं तुला ते आता काय शिकवणार, तुला तर सगळंच येतंय, आणि शेडाकडं कोण बघंल? पिल्लांची ही बॅच जाऊ दे. ती बॅच गेली, दुसरी आली. आयटीआयनं नाव कमी केलं. हातानं पायावर धोंडा पाडून घेतला मी, ताई. हिशोब चुकला असता तर सुटले असते.

आणि शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर भांडले असते की. कौतुकाशी कसं भांडायचं? हे म्हणायचे, बाबा खोटं बोलतात का, तुझ्याशिवाय चालतंय का? पुढं लोडशेडिंग आलं, लाईट कधी येईल कधी जाईल नेम नाय, मग तर बांधलेच गेले. आई आजारी व्हती तवा एका दिवसात परत आले, का तर नवी पिल्लं यायची व्हती. आई म्हणली, एवढी कसली गं तुझी नोकरी. मी लई रडले.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ नर्सिंग शिकत व्हती, हुशार, सालस. तिचं नाव लिहू नका बरं. तिच्या बैठकीत बी मामा तेच म्हणले, करंल की पूर्ण. सुट्टीला आली तर आपण व्हऊन शेडात आली, पिल्लांच्या डोळ्यात लशीचा थेंब टाकायला लागली, एकबी थेंब वाया नाय. मामा बघत व्हते. म्हणले, वा, हिचा हात काय हलका हाय!

माझं बी असंच कौतुकानं सुरू झालं व्हतं. मी तिच्या हातातली बाटली हिसकावली, सगळ्यांच्या देखत म्हणले, सोड, तुला काय येत नाय, मारशील माझी पिल्लं. ती रडत घरात गेली. सासूबाई म्हणल्या, जावाजावांचं पटत नाय म्हणत्यात ते उगाच नाय. मी दोन दिवस मामांना ऐकवत राहिले, तिला शेडातलं काय जमायचं नाय, तिला हॉस्टेलला जाऊ द्या. गेली ती. पास झाली.

आता मंचरला नर्स हाय. दिवाळीला येती, पाया पडती, पण माझ्याशी कामापुरतं बोलती. हे म्हणत्यात, एकदा सांगून टाक तिला खरं काय ते. मी म्हणते, कळलं तर हळहळंल, आणि हळहळली की सुट्टीला मला हातभार लावायला शेडात येऊन बसंल, आणि मामा अजून बघत्यात. नको. देवा, तिला सुखात ठेव आणि माझ्यावर रागावलेलीच ठेव.